गुण केव्हा येतो?

मराठी भाषेत औषधाला 'गुण येतो'. वैद्याने दिलेली पुडी लागू पडली, ताप उतरला, दुखणे हटले की घरातील वडीलधारी मंडळी समाधानाने म्हणतात, "गुण आला हो!" हाच शब्द आपण माणसाच्या स्वभावासाठीही वापरतो. अमक्याची मुलगी गुणी आहे, तमक्याच्या अंगी गुण आहेत, असे आपण सहज बोलून जातो. शरीराची व्याधी हटणे आणि माणसाचे शील घडणे या दोन निराळ्या गोष्टी. त्यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द का योजला असावा? हा विचार आमच्या मनात आला तो योगासनांविषयी आमच्या भाविकांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नामुळे.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो पाळला जाऊ लागला. तेव्हापासून योगासने ही केवळ शहरातील सुखवस्तू लोकांची गोष्ट राहिलेली नाही. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावातूनही शाळकरी मुले ताडासन, वृक्षासन ही नावे घरी घेऊन येतात. मग घरातील कर्ती माणसे विचारतात, "फादर, आसने करायला आमची ना नाही, पण गुण किती दिवसांनी येतो?" या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. पहाटे उठून शेत, गुरे आणि चूल यांच्या धबडग्यातून अर्धा तास काढायचा, तर त्याचे फळ केव्हा पदरात पडेल, हे विचारण्याचा कष्टकऱ्याला पूर्ण अधिकार आहे.

शेतकऱ्याला जर कोणी विचारले, "पीक किती दिवसांत येते?" तर तो उलट विचारील, "कोणते पीक?" मेथीची भाजी महिनाभरात हाती येते. सोयाबीनला नव्वद-शंभर दिवस लागतात. तूर पाच-सहा महिने शेतात उभी राहते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने जमीन अडवतो. आणि आंब्याचे कलम लावले तर पहिल्या चार-पाच वर्षांत फळाची गोष्टच काढू नये. जमीन तीच, पाऊसही तोच. पण प्रत्येक बियाण्याचे पंचांग वेगळे. योगाभ्यासाचेही असेच आहे.

मेथीसारखा लवकर येणारा गुण म्हणजे श्वासाचा. श्वास संथ केला की काही मिनिटांतच हृदयाची गती स्थिरावू लागते. याविषयी २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या वाचकांना कौतुकाचा वाटेल. इटलीतील डॉ. बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिन भाषेत जपमाळेची प्रार्थना म्हणावयास लावली आणि एकदा योगमार्गातील मंत्र. दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटास सुमारे सहा इतका संथ झाला आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळून आल्या. संध्याकाळी घराघरातून अर्धा 'नमो मरिया' एकाने आणि उरलेला सर्वांनी म्हणण्याची जी आपली जुनी रीत, तिच्यात आपल्या आज्यांनी नकळत श्वासाची शिस्त सांभाळली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

सोयाबीनच्या मुदतीचा गुण म्हणजे पाठीचा. कंबरदुखीवर योगाचा काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या २१ चाचण्यांचा एकत्रित आढावा 'कॉक्रेन' या संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केला. त्यांत एकूण २,२२३ माणसे होती. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची रोजच्या कामाची क्षमता सुमारे तीन महिन्यांनी थोडी सुधारलेली आढळली. मात्र पाठीसाठीच्या इतर व्यायामांशी तुलना करता फारसा फरक दिसला नाही. काही जणांची पाठ योगाने वाढूनही दुखली. तेव्हा चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. उच्च रक्तदाब, मणक्याचा विकार, डोळ्यांतील वाढलेला दाब किंवा गरोदरपण असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि शीर्षासनासारखी आसने पुस्तकात पाहून करू नयेत.

मग सवय लागण्यास किती दिवस? एकवीस दिवसांत कोणतीही सवय लागते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉ. फिलिपा लॅली यांनी ९६ माणसांवर केलेला जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात रोजची एक नवी कृती अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. मध्येच एखादा दिवस चुकला, तर सवय घडण्याच्या कामात म्हणण्यासारखी बाधा येत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

इथवर शरीराचा हिशेब झाला. या हिशेबाची आपल्याकडे लाज बाळगण्याचे कारण नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले, ते आसनांचे व प्राणायामाचे परिणाम यंत्रांनी मोजून पाहण्यासाठीच. परंतु या मोजमापातून एक नाजूक गोष्ट पुढे आली आहे. पहिल्या काही आठवड्यांत वाकताना बोटे पायाच्या अंगठ्याकडे अधिकाधिक सरकू लागतात, तेव्हा स्नायू लांब झाले असे आपणांस वाटते. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या मुदतीत स्नायूंची लांबी फारशी बदललेली नसते. ताण सोसण्याची आपली तयारी वाढलेली असते. जिथे पूर्वी शरीर 'पुरे' म्हणत होते, तिथे ते आता थोडे थांबते. म्हणजे शरीराचा गुण म्हणून आपण ज्याची नोंद करतो, त्यातही सहनशीलतेचा अंश आधीच मिसळलेला असतो. आपल्या पूर्वजांनी दोन्हींस एक शब्द योजला, तो उगाच नव्हे.

येथे आमच्या काही भाविकांच्या मनातील दुसरा प्रश्न डोके वर काढतो. आपण कॅथलिक माणसांनी हे करावे का? योग हा शब्द आमच्या जिल्ह्याच्या मातीस परका नाही. अंबाजोगाई हे गाव योगेश्वरीच्याच नावाने ओळखले जाते. शेजाऱ्यांच्या श्रद्धेशी जोडलेली गोष्ट आपण कशी घ्यावी, हा संकोच समजण्यासारखा आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे जाहीर केले. पुढे १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, आविलाच्या संत तेरेझाच्या सणाच्या दिवशी, श्रद्धासिद्धांत परिषदेने जगातील महागुरूंना ख्रिस्ती ध्यानाविषयी एक पत्र लिहिले. परिषदेचे प्रमुख होते कार्डिनल रात्झिंगर, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. योग, झेन इत्यादी पद्धतींचा त्यात उल्लेख आहे. या पत्राने दरवाजा बंद केला नाही; या पद्धतींतील जे उपयुक्त आहे ते ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा सांभाळून घेता येईल, असे म्हटले. पण एक इशाराही दिला: शरीर शांत झाल्यावर जी सुखद संवेदना होते, तिलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये.

आमच्या मते हा इशारा योग करणाऱ्यांना जितका लागू आहे, तितकाच जपमाळ ओढणाऱ्यांनाही आहे. श्वास संथ झाला की बरे वाटते. ते बरे वाटणे देवाच्या निर्मितीतील एक चांगली गोष्ट आहे. त्याबद्दल आभार मानावेत. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे, आणि चांगले होणे तर त्याहूनही पुढचे. जपमाळ आटोपून शांत चित्ताने उठलेला माणूस दुसऱ्याच क्षणी सुनेवर खेकसू शकतो. पद्मासनात तासभर स्थिर बसणारा माणूस बांधावरची वीतभर जमीन भावाला सोडत नाही. पहिला गुण आला. दुसरा अजून शेतातच आहे.

हा दुसरा गुण केव्हा येतो? योगशास्त्राचे आद्य सूत्रकार पतंजली अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घालतात: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड नसावा आणि तो आदराने केलेला असावा. दीर्घकाळ म्हणजे किती दिवस, हे ते सांगत नाहीत. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइट ऑन योगा' या ग्रंथाच्या अखेरीस आसनांचा आठवडावार क्रम लावून दिला आहे; तो ३०० आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ सहा वर्षांचा आहे. लहानपणी आजारांनी पोखरलेला हा माणूस १९३७ साली पुण्यात आला आणि २०१४ साली देवाघरी जाईपर्यंत अभ्यास करीत राहिला. आणि ज्या संत तेरेझाच्या सणाच्या दिवशी ते पत्र निघाले, त्या प्रार्थनेच्या महान गुरूने स्वतःविषयी लिहून ठेवले आहे की, अठरा वर्षे प्रार्थनेत तिला कोरडेपणा सोसावा लागला आणि हाती पुस्तक घेतल्यावाचून प्रार्थनेस बसण्याचे तिला धैर्य होत नसे.

कोलकात्याच्या संत तेरेझांची, म्हणजे आपल्या मदर तेरेझांची, गोष्ट याहूनही विचार करावयास लावणारी आहे. त्यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की, जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या अंतःकरणात देवाच्या सान्निध्याचा अनुभव असा नव्हताच; होता तो अंधार. त्यांना जर कोणी विचारले असते, "मदर, इतक्या वर्षांच्या प्रार्थनेचा तुम्हांला काय गुण आला?" तर त्यांनी काय उत्तर दिले असते? पण गटाराच्या कडेला पडलेल्या ज्या माणसाला त्यांनी उचलून घेतले, त्याला गुण दिसला होता.

यावरून आम्हांस जे सांगावयाचे आहे ते हे: शरीराला आलेला गुण आपला आपल्याला कळतो, स्वभावाला आलेला गुण आधी शेजाऱ्याला कळतो. कंबर दुखायची थांबली हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही. पण आपला राग कमी झाला की नाही, याची साक्ष आपली नव्हे, घरच्यांची ग्राह्य धरावी. मुंबईत बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' ही व्यसनमुक्तीची संस्था सुरू केली. अय्यंगार गुरुजींचे शिष्य असलेल्या या धर्मगुरूंनी व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. व्यसनातून सुटू पाहणारा माणूस दिवस मोजतो, आणि ते मोजणे त्याला आधार देते. पण खरा गुण आला तो दिवस कोणता, हे त्याच्या पत्नीला विचारावे. संध्याकाळी दारात पाऊल वाजले आणि मुले कोपऱ्यात पळाली नाहीत, तो दिवस तिने मनात टिपून ठेवलेला असतो.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण बहुधा वाईट संगतीविषयी वापरतो. ती चांगल्या संगतीलाही लागू का पडू नये? घरात एक माणूस रोज पहाटे उठून शांतपणे बसतो, उठल्यावर कोणाला टोचून बोलत नाही, तर त्याचा गुण काही वर्षांनी अख्ख्या गोठ्याला लागतो.

येथे मात्र आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट आड येते, आणि तिच्याकडे पाठ फिरवून सबुरीवर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. हंगामाआधी मुकादम उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत पाठ वाकलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा. आणि खाड्याला दंड. पाळी आणि दुखणी यांमुळे खाडे पडू नयेत म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याकडे किती बाया ढकलल्या गेल्या, हे २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीमुळे सर्वांपुढे आले. बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती.

अशा बाईला आपण काय सांगणार? "बाई, रोज भुजंगासन कर, तीन महिन्यांत गुण येईल"? तिची पाठ आसनांच्या अभावी दुखत नाही. ती दुखते मोळीच्या वजनाने आणि उचलीच्या ओझ्याने. सबुरी हा सद्गुण आहे, पण ती स्वतःच्या अभ्यासाविषयी बाळगावयाची असते. दुसऱ्यावर होणाऱ्या अन्यायाविषयी नव्हे. स्वतःच्या मनःशांतीसाठी सहा वर्षे थांबणे हे शहाणपण आहे. शेजारणीच्या न्याय्य मजुरीसाठी सहा वर्षे थांबा असे तिला सांगणे हा निर्दयपणा आहे. ज्याच्या योगाने किंवा प्रार्थनेने हा फरक त्याच्या ध्यानात येत नाही, त्याला कितीही वर्षे झाली तरी गुण आलेला नाही, असेच आम्ही समजतो.

उचल आणि खाडा या दोन शब्दांनी आमच्या भागातील माणसांच्या मनात इतके खोल घर केले आहे की, देवाकडेही आपण त्याच डोळ्यांनी पाहू लागतो. आठ दिवस आसने केली, नऊ शुक्रवार पाळले, नोव्हेना केली; आता आमची उचल द्या! आणि मध्येच एखादा दिवस चुकला की वाटते, खाडा पडला, सगळे वाया गेले, आता पुन्हा कशाला सुरू करा? पुष्कळांचा अभ्यास आळसाने सुटत नाही. तो या दंडाच्या भीतीने सुटतो. लंडनच्या अभ्यासात चुकलेल्या दिवसाविषयी जे आढळले, ते आता येथे आठवावे. शरीरसुद्धा खाड्याला दंड करीत नाही. मग शरीराचा निर्माता कसा करील? प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा धनी आठवून पाहा. दिवस मावळता मावळता कामाला आलेल्या मजुरालाही त्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. कोणत्याही मुकादमाच्या वहीत असा हिशेब सापडणार नाही.

आणि उचलीविषयी म्हणाल, तर ती आपणांस केव्हाच मिळालेली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीच्या मानवात स्वतःचा श्वास फुंकतो. तो श्वास आपण कमावलेला नाही. तो फेडावयाचाही नाही. पहाटे पाठ ताठ करून बसावे, डोळे मिटावेत आणि येणारा-जाणारा श्वास जाणवू द्यावा, तो या उचलीची पोच म्हणून. मजुरीच्या आशेने केलेला अभ्यास मजुरी दिसेनाशी झाली की थांबतो. कृतज्ञतेने केलेल्या अभ्यासाला थांबण्याचे कारण उरत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक शेतकरी आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजते, वाढते, आणि कसे ते त्याचे त्यालाही कळत नाही. दिंद्रुडच्या शेतकऱ्याला हा दृष्टांत कोणी उलगडून सांगावा लागत नाही. बियाणे उगवले का, हे पाहण्यासाठी रोज माती उकरणारा माणूस अंकुराचा घात करतो, हे तो जाणतो. आणि म्हणून पेरणीनंतर आभाळाकडे पाहत तो आपल्या दुसऱ्या कामाला लागतो.

तेव्हा ज्यांनी आम्हांस प्रश्न विचारला, त्यांना आमचे उत्तर असे: आजच रात्री दहा मिनिटे संथ श्वास घेऊन पाहा, थोडा गुण आजच येईल. पाठीसाठी, जाणकाराच्या देखरेखीखाली, तीन महिने द्या. सवयीसाठी दोन-अडीच महिने धरा, कमीअधिक झाले तर चिंता करू नका, आणि खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुन्हा बसा. मग वर्षभर हा प्रश्न कोणालाही विचारू नका, स्वतःलाही नाही. वर्षाने मात्र एकदा धीर करून घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाला जवळ घ्या आणि विचारा, "बाळा, तुला माझी पूर्वीइतकी भीती वाटते का रे?" त्याचे उत्तर ऐकून घ्या.